जिंगमाईचं चहाचं जंगल आणि तिथली बुलांग-दाई गावं: माहिती, अनुभव, चर्चा

अनवट_वाट

चीनच्या युन्नान प्रांतात, अगदी दक्षिणेला, म्यानमारच्या सरहद्दीजवळ जिंगमाई नावाचा डोंगर आहे. तिथल्या जुन्या चहाच्या जंगलांना सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. चहासंस्कृती हाच मुख्य विषय असलेलं हे जगातलं पहिलं वारसास्थळ. मराठीत यावर फारसं लिहिलेलं दिसत नाही आणि जे इंग्रजीत आहे ते बहुतेक चहा विकणाऱ्यांनी लिहिलेलं आहे, म्हणून हा धागा काढते आहे. कुणी जाऊन आलं असेल तर जरूर भर घाला.

आधी एक सांगते. मुन्नार किंवा दार्जिलिंगची कंबरेइतकी छाटलेली झुडपं डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर इथे सुरुवातीला चहा दिसतच नाही. दिसतं ते दाट जंगल. वर उंच झाडांचं छत, खाली नेचे आणि गवत, आणि या दोहोंच्या मध्ये वेड्यावाकड्या फांद्यांची, शेवाळानं माखलेली, दोन माणसं उंच झाडं. तो चहा. खोडावर ऑर्किड वाढलेलं, फांद्यांवर बांडगुळं. त्यातलं एक बांडगूळ खेकड्याच्या पायांसारखं सांधेसांधे असलेलं असतं. तेही काढून वाळवतात आणि चहात घालून पितात.

हे जंगल आपोआप उगवलेलं नाही, लावलेलं आहे. या डोंगरावर बुलांग आणि दाई या अल्पसंख्याक जमाती राहतात. त्यांपैकी बुलांग लोकांचे पूर्वज दहाव्या शतकाच्या सुमारास इथे आले असं मानतात. त्यांनी मोठी झाडं तशीच ठेवली, खालची झुडपं तेवढी साफ केली आणि त्या सावलीत चहा लावला. पानगळीचं खत, कीड खायला पक्षी आणि कोळी, उन्हाला वरचं छत. जुन्या जंगलात रासायनिक खत नाही, औषधफवारणी नाही. हा गावांचा स्वतःचा नियम आहे. वारसा क्षेत्रात अशी पाच चहाची जंगलं आहेत, त्यांच्यामध्ये मुद्दाम राखलेले रानाचे पट्टे आहेत आणि नऊ गावं आहेत. सगळं मिळून सात हजार हेक्टरांच्या वर.

मला या धाग्यात एवढंच ठासून सांगायचं आहे की तिथे बघायची गोष्ट झाडाचं वय नाही. 'हजार वर्षांचं झाड' अशी पाटी शोधत फिरणारे पुष्कळ भेटतात. बघायचं ते गाव, रान आणि चहा एकत्र कसे चालवतात ते. त्यासाठी एखाद्या चहा करणाऱ्या घरात राहायला हवं.

---

मुक्ता

किती छान धागा! प्रश्नच प्रश्न आहेत. जायचं कसं? भाषेचं काय? आणि मी शाकाहारी आहे, माझं काय होईल?

---

अनवट_वाट

मुक्ता, एकेक सांगते.

कुनमिंगहून चीन-लाओस रेल्वे आहे, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली. पुअरला उतरता येतं किंवा पुढे शिश्वांगबान्नाला. दोन्हीकडून रस्त्यानं ह्वेमिन या गावी यायचं, डोंगराचा पायथा तोच. लाओस फिरून येणार असाल तर त्याच रेल्वेनं व्हिएन्तियानहून बोतेन-मोहानची सीमा ओलांडून येता येतं. जिंगमाईजवळच्या लानत्सांगला छोटा विमानतळही आहे, २०१७ पासून. पुअर शहराचं नाव २००७ पर्यंत सिमाओ होतं. जुन्या नकाशात किंवा प्रवासवर्णनात ते सापडलं तर गोंधळू नका.

डोंगरावर चढताना नाका लागतो. तिथे तपासणी होते ती मुख्यतः चहाची! बाहेरचा चहा वर नेऊन 'जिंगमाईचा' म्हणून विकला जाऊ नये म्हणून. वरच्या रस्त्याला डांबर नाही, दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे गाडी हळूहळूच जाते.

भाषा: इंग्रजी जवळजवळ नाही. चहा दाखवायला भाषा लागत नाही, पण पथ्यपाणी सांगायला लागते. फोनवर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा, गूगल तिथे चालत नाही. पैसे सगळे फोनवरून, अलीपेला आपलं कार्ड निघण्याआधी जोडून बघा.

शाकाहार: 'वो छ् सू' एवढं म्हटलं की कळतं. पण भाजी डुकराच्या चरबीत परततात, त्यामुळे तेल कोणतं हे वेगळं विचारा. भात, भोपळ्याचे कोवळे शेंडे, नेच्याचे कोंभ, केळफूल, परतलेला पुदिना, सकाळी वाटाण्याच्या पिठाची दाट पेज. अंडं चालत असेल तर चहाची ताजी कोवळी पानं घालून केलेलं अंडं जरूर मागा. उपाशी नक्की राहणार नाहीस.

---

दिगंत

थोडं इतिहासाकडे. बुलांग लोकांच्या मूळपुरुषाचं नाव पा आय लेंग. त्याची गोष्ट जिंगमाईवरच्या मांगजिंग भागातल्या बुलांग गावांत लहान मुलांनाही पाठ असते. मरताना तो म्हणाला की तुमच्यासाठी गुरंढोरं ठेवली तर रोगराईत मरतील, सोनंनाणं ठेवलं तर तुम्ही खर्चून टाकाल, म्हणून चहाची झाडं ठेवतो. ती लेकराबाळांना जन्मभर पुरतील. त्याची बायको दाई राजाची मुलगी होती, असं परंपरा सांगते. बुलांग आणि दाई ही दोन्ही माणसं एकाच डोंगरावर इतकी वर्षं कशी नांदली, ते त्या लग्नाच्या गोष्टीत त्यांनी सांगून ठेवलं आहे असं मला वाटतं.

एप्रिलच्या मध्याला शानकांग नावाचा सण असतो. चहाच्या पूर्वजाची पूजा, चहाच्या आत्म्याला हाका मारणं, ढोल, नाच. त्याच सुमारास दाई लोकांचा पाणी उडवायचा सण येतो, म्हणजे त्यांचं नवं वर्ष.

---

रानवाटा

माफ करा, पण मला एक खटकतं. 'वांशिक अल्पसंख्याकांची गावं बघायला जाणं' यातच काहीतरी चुकतंय ना? थायलंडमध्ये मी गळ्यात पितळी कडी घातलेल्या बायकांचं गाव बघितलं. तिकीट काढून आत जायचं, बायका रांगेत बसलेल्या, लोक फोटो काढतायत. मी दहा मिनिटांत बाहेर पडलो. हा प्रकार तसाच नाही ना?

---

अनवट_वाट

रानवाटा, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याही मनात तो होता, म्हणून नीट लिहिते.

फरक पोटापाण्याचा आहे. तुम्ही पाहिलेल्या गावात माणसं हाच माल होता. जिंगमाईत माल चहा आहे. गावाचं पोट पाहुण्यांवर नाही, झाडांवर चालतं. मी ज्या घरी राहिले तिथे मार्चअखेरीला कुणालाही माझ्याशी गप्पा मारायला फुरसत नव्हती, आणि मला तेच आवडलं. सकाळी सगळे झाडांवर. जुन्या झाडांवर खरंच चढून खुडावं लागतं. दुपारी पानं बांबूच्या सुपांवर पसरून मऊ होऊ देतात. संध्याकाळी मोठ्या तिरक्या कढईखाली लाकडं पेटतात.

त्या कढईपाशी मी बराच वेळ उभी होते. घरातला मुलगा दोन्ही हातांत जाड सुती मोजे घालून पानं उचलायचा, झटकायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. सुरुवातीला वास कच्च्या शेंगांचा, मग गवताचा, मग अचानक गोडसर. वास बदलला की त्याचे वडील मागून एकच शब्द बोलायचे आणि तो जाळ कमी करायचा. पानाचा देठ वाकवून बघायचा. मोडला तर अजून कच्चं, वाकला तर झालं. मग पानं गरम असतानाच हातानं मळायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवायची. भट्टीत वाळवायची नाहीत, उन्हातच. पुअर चहा, म्हणजे युन्नानचा हा साठवून ठेवायचा चहा, पुढे वर्षानुवर्षं मुरतो तो या उन्हातल्या वाळवणामुळे. जास्त उष्णतेनं तो पुढचा बदल थांबतो.

कुणी पोशाख घालून नाचून दाखवलं नाही. 'तुमचे पारंपरिक कपडे घालाल का, फोटो हवाय' असं आपणही म्हणू नये. देवळात आणि चहाच्या आत्म्याच्या झाडापाशी विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. एवढं पाळलं तर पाहुणा ओझं होत नाही.

---

केतकी_वन

चहाच्या आत्म्याचं झाड म्हणजे?

---

अनवट_वाट

प्रत्येक घराच्या चहाच्या तुकड्यात जे झाड पहिल्यांदा लावलं, ते. ते सगळ्यात जाड किंवा उंच असेलच असं नाही. शेजारी एक खांब रोवलेला असतो, त्याला मेणाच्या बारीक वाती, वाळलेली फुलं, तांदूळ, कधी केळं बांधलेलं असतं. हंगामाची पहिली खुडणी करायच्या आधी तिथे नैवेद्य होतो. मग बाकीच्या झाडांना हात लावायचा.

---

केतकी_वन

वाचताना सारखी देवराई आठवते आहे. मुळशी-वेल्ह्याकडच्या देवराया मी बऱ्याच फिरले आहे. तिथेही माणसानं देवाच्या नावानं झाडं राखली.

---

दिगंत

केतकीताई, साम्य आहे, पण एक मोठा फरकही आहे. देवराईत काठीही मोडायची नाही, तो देवाचा प्रदेश. जिंगमाईचं चहाचं जंगल मात्र रोज वापरातलं आहे. पूर्ण राखीव, देवराईच्या जवळचं म्हणता येईल ते मधल्या रानपट्ट्यांना. त्यांच्यामुळे एका जंगलातली कीड दुसऱ्यात जात नाही, वारा अडतो, पाणी धरलं जातं. श्रद्धा आणि उत्पन्न एकाच जमिनीवर ठेवणं जास्त अवघड, आणि त्यांनी ते करून दाखवलं आहे. आपल्या देवराया बांधकामात गेल्या त्याचं एक कारण हेही असेल की गावाचं पोट त्यांच्यावर अवलंबून नव्हतं.

---

केतकी_वन

हे शेवटचं वाक्य मला पटत नाही. पाण्यासाठी गावं देवराईवरच अवलंबून होती, कितीतरी झरे तिथेच उगम पावतात. नळ आला, मग तो धागा तुटला. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

---

मेळघाटवाला

इकडे एक जोड द्यावीशी वाटते. मी मेळघाटात कोरकू गावांत काम करतो. बुलांग भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातली, ख्मेर आणि खासी ज्या कुळातल्या त्याच. आणि आमची कोरकू ही त्याच कुळाच्या मुंडा शाखेतली, या कुळाचं भारतातलं सगळ्यात पश्चिमेचं टोक. अमरावती जिल्ह्यातल्या धारणीत बोलली जाणारी भाषा आणि युन्नानच्या डोंगरावरची भाषा, दूरच्या का होईना, नात्यातल्या आहेत. दाई लोक मात्र वेगळ्या कुळातले, आसामच्या आहोम आणि खामती लोकांचे ते सगेसोयरे.

इथे विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. धाग्याबद्दल मनापासून आभार, पुढच्या आठवड्यात फोटो दाखवणार आहे वर्गात.

---

ब्रह्मपुत्रा_काठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं वरच्या आसामात आहे, म्हणून आसामची बाजू लिहितो. जिंगमाईचं झाड आणि आसामचं झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकाच प्रकारचं, मोठ्या पानाचं, आसामिका. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला इथे चहा आहे हे कळलं ते सिंगफो लोकांमुळे, त्यांचा सरदार बेसा गाम याच्यामुळे. सिंगफो लोक आजही आपला जुना चहा करतात, फालाप म्हणतात. पानं कढईत भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि ती नळी चुलीवरच्या माच्यावर धुरात ठेवायची. युन्नानमध्ये याच लोकांना जिंगपो म्हणतात.

वर कढई आणि उन्हाचं वर्णन वाचलं तेव्हा मार्गेरिटाजवळच्या एका सिंगफो घराचीच आठवण झाली. इंग्रजांनी मात्र जंगल साफ करून ओळीत झुडपं लावली, दूरदूरहून मजूर आणले आणि ज्यांनी झाड दाखवलं त्यांना बाजूला सारलं. जिंगमाईत झाड ज्यांनी लावलं त्यांच्याच हातात राहिलं. मला तरी यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

---

अनवट_वाट

ब्रह्मपुत्रा_काठी, अतिशय मोलाची भर. पूर्ण सहमत.

फक्त तिथेही सगळं सरळ चाललं नाही, हे जोडते. युन्नानमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्पादन वाढवायला पायऱ्यापायऱ्यांची, दाट लागवडीची चहाशेती आलीच. जिंगमाईवरही आली. जुन्या झाडांच्या पानाला तेव्हा भाव नव्हता. मग पुअर चहाची लाट आली. भाव इतके फुगले की २००७ च्या वसंतात फुगा फुटला आणि साठे करून बसलेले पुष्कळ व्यापारी बुडाले. पण त्यानंतर जुन्या झाडांची किंमत लोकांना कळली ती कळलीच. पुढे पायऱ्यांच्या शेतातली झुडपं विरळ करून मध्ये सावलीची झाडं लावली गेली. म्हणजे जुन्या जंगलाची पद्धत नव्या शेतात नेली. गावात फिरताना हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात, मुद्दाम बघा.

---

रानवाटा

तुमचं उत्तर पटलं. आता वारसा यादीत आल्यावर घरांचं काय? गावकऱ्यांना स्लॅबचं घर बांधायची इच्छा नसेल?

---

अनवट_वाट

असते तर! चहाचा पैसा आल्यावर नवी घरं उठलीच. आता बाहेरून लाकूड आणि कौलं हवीत असा दंडक आहे. आतून संडास-बाथरूम, गरम पाणी, सगळं. मूळ घर खांबांवरचं. खाली पूर्वी गुरं बांधायचे, आता तिथे चहाचं सामान. वर राहायचं, मध्ये चूल. छपराच्या टोकाला बघा. बुलांग घरावर चहाचा एक कोंब आणि दोन पानं कोरलेली असतात, दाई घरावर बैलाची शिंगं. डोंगरावरून चालताना गाव कुणाचं ते छपरावरूनच कळतं.

चूल असलेल्या अंधाऱ्या घरात धुरात राहा, कारण आम्हाला बघायला छान वाटतं, असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण गावाची रचना टिकली हे चांगलंच झालं. नुओगांग या दाई गावात मधोमध गावाचं हृदय मानलेली जागा आहे, तिथे खांब आहे, शेजारी बौद्ध मंदिर, आणि घरं भोवती गोलाकार उतरत गेलेली. वेंगजी हे बुलांग गाव त्यामानानं लहान, मंदिराशेजारी सायप्रसचं एक प्रचंड जुनं झाड. दोन्ही जमाती थेरवादी बौद्ध, म्हणजे श्रीलंका-म्यानमारच्या परंपरेतल्या; चिनी महायान मंदिरांपेक्षा तिथलं वातावरण अगदी निराळं.

मला विचाराल तर मुक्काम वेंगजीला करा. नुओगांग दिवसा गजबजतं, सहलीच्या गाड्या तिथेच आधी थांबतात. वारसा घोषित झाल्यापासून गर्दी वाढली आहे आणि दुपारी अकरा ते चार गावात झेंडेवाले गाइड फिरतात. सकाळी आणि संध्याकाळी गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

घरी राहिलात तर घरमालक पोलिसांकडे तुमची नोंद करतो, २४ तासांच्या आत करावी लागते. पासपोर्ट मागितला तर घाबरू नका.

---

सुगरण_७६

आंबट चहाबद्दल कुणीच लिहिलं नाही? मला ती पाककृती म्हणून जाणून घ्यायची आहे.

---

दिगंत

बुलांग लोकांचा तो खरा जुना पदार्थ. पानं वाफवायची किंवा उकळायची, थोडी आंबू द्यायची, बांबूच्या नळीत घट्ट ठासून तोंड बंद करायचं आणि जमिनीत पुरायचं. महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त. मग काढून तसंच चावून खायचं. तुरट-आंबट, नंतर घशात गोडवा येतो. सण, लग्न, पाहुणे आले की देतात. म्यानमारमध्ये लाहपेत म्हणून जी मुरवलेल्या चहाची कोशिंबीर मिळते, तिचा हा भाऊबंद. पिण्याइतकीच चहाची पानं खायचीही होती, हे या भागातच कळतं.

---

मुक्ता

कोणत्या महिन्यात जाऊ? आणि आणायचा कोणता चहा? पहिल्यांदाच घेणार आहे.

---

अनवट_वाट

कढई पेटलेली बघायची असेल तर मार्चअखेर ते एप्रिल. सण हवा असेल तर एप्रिलचा मध्य, पण जागा खूप आधी ठरव. पावसाळ्यात जुन्या झाडांना बरीच घरं विश्रांती देतात, वाटाही निसरड्या आणि जळवा असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाताच्या फुलोऱ्याच्या वेळचा चहा येतो, सुगंधी आणि वसंतातल्यापेक्षा स्वस्त. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहाटे दरीत ढग भरलेले असतात, खुडणी मात्र नसते.

चहा घेताना: दाबून केलेल्या चहाची चकती सहसा ३५७ ग्रॅमची. सात चकत्या बांबूच्या सालीत बांधून एक गठ्ठा, तो साधारण अडीच किलो. तुला गठ्ठा नको, एक चकतीही पुष्कळ दिवस पुरते. नाहीतर सुटा चहा घे, ज्याला माओछा म्हणतात, तोच जास्त प्रामाणिक, कारण पान उघडं दिसतं. 'शंग' म्हणजे कच्चा, हिरवट-सोनेरी उतरणारा. जिंगमाईची खरी ओळख तोच, ऑर्किडसारखा वास आणि कमी कडूपणा. 'शू' म्हणजे ओलावा देऊन ढीग लावून मुरवलेला काळा, ती रीत १९७० च्या दशकात कारखान्यांत बसवली गेली. पोटाला सौम्य, पण डोंगरावरच्या घरांत तो तू बघणार नाहीस.

भाव विचारताना तीन वेगवेगळे भाव विचार: जुनी झाडं, लहान झाडं, पायऱ्यांवरची लागवड. ज्या घरात तीनही समोर ठेवून चाखायला देतात तिथे घे. एकच चकती दाखवून झाडाचं वय सांगू लागले तर उठ. आणि दूध-साखर नको! झाकणाच्या छोट्या वाटीत सात-आठ ग्रॅम पानं, उकळतं पाणी, पहिलं पाणी लगेच ओतून टाकायचं, मग दहा-पंधरा सेकंदांचे घोट. तीच पानं दहा वेळा उतरतात.

---

ब्रह्मपुत्रा_काठी

मुक्ता, युन्नान लांब वाटत असेल तर आधी इकडे या. मार्गेरिटा-लेडोच्या बाजूला सिंगफो घरांमध्ये राहायची सोय होते, फालाप घरीच करताना बघायला मिळतो. लेडोहून निघून म्यानमारमार्गे कुनमिंगला जोडलेला, १९४५ मध्ये खुला झालेला युद्धकाळातला रस्ताही इथूनच सुरू होतो. थंडीत या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खुडणी मात्र मार्चनंतर.

---

मुक्ता

मग मार्चअखेर आसाम आणि पुढच्या वर्षी एप्रिल जिंगमाई. आईला विचारलं, ती दोन्हीकडे यायला तयार आहे! तिचे गुडघे दुखतात. वेंगजीत फार चढउतार आहे का?

---

अनवट_वाट

गावात दगडी उतार आहेत, पण छोटे. चहाच्या जंगलात लाकडी पायवाटा आहेत आणि वेंगजीहून जवळ जाणारी एक बऱ्यापैकी सपाट आहे, तेवढीच आईसोबत कर. घर निवडताना खालच्या मजल्यावरची खोली माग. जुन्या घरांचे लाकडी जिने फार उभे असतात. आणि काठी घेऊन या, तिथल्या दगडांवर दव पडलं की सकाळी नऊपर्यंत घसरायला होतं.